मॅटर, जागा, मशीन: सोलापुरात बसून डिझाइन करताना मी कुठल्या क्रमानं जातो

घरात जुनी सोलापुरी चादर असेल तर आत्ता काढा आणि कोपऱ्यात विणलेलं कारखान्याचं नाव अगदी डोळ्याजवळ धरून बघा. लांबून गोल वाटणारी अक्षरं जवळून पायऱ्या-पायऱ्यांची दिसतील. जेकार्डवर विणायचं काहीही असो, ते आधी ग्राफवर काढावं लागतं, ग्राफचा उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, आणि त्या प्रत्येक ओळीचं एक पंच कार्ड, जिथं भोक तिथला धागा उचलला जाणार. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मी लहानपणापासून बघत आलोय, वडील कारखान्यात होते. त्यांच्यामुळं मला शाळेत असतानाच कळलं होतं की शिरोरेषा विणायला सोपी, सरळ आडवी ओळ, पण 'ळ' आला की चौकोन पुरत नाहीत, आणि वेलांटीसोबत रफार आला की वर निदान चार-पाच ओळी मोकळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळा गोळा होतो. आणखी एक, इंचात ताण्याचे धागे आणि बाण्याचे धागे सारखे नसतील तर ग्राफवर काढलेलं गोल चाक कापडावर लंबगोल उतरतं, म्हणून ग्राफचे चौकोनसुद्धा त्या मापात आडवे-उभे घ्यावे लागतात.

हे सगळं इतकं सांगायचं कारण, आज कॉम्प्युटरवरच्या कोरलड्रॉमध्ये नाहीतर फोनवरच्या ॲपमध्ये काम करणाऱ्यालासुद्धा हेच तीन जण अडवतात: काय लिहायचंय, कुठं लागणार आहे, आणि कशावर निघणार आहे. आम्ही धंद्यात म्हणतो मॅटर, जागा आणि मशीन. नवीन पोरं उलट्या टोकानं सुरू करतात, आधी सॉफ्टवेअर उघडतात, बॅकग्राउंड टाकतात, ग्रेडियंट मारतात, आणि मॅटर शेवटी त्यात कोंबतात. मी पंधरा वर्षांत जेवढी कामं परत केली त्यातली बहुतेक याच उलट्या क्रमामुळं. म्हणून खाली मी जसा जातो तसंच लिहितो.

आधी मॅटर, तेही मोठ्यानं वाचून

मॅटर व्हॉट्सॲपवर येतं, निम्मं टाइप केलेलं, निम्मं वहीच्या पानाचा फोटो. काहीही उघडायच्या आधी ते एकदा मोठ्यानं वाचायचं, मनात नाही. मोठ्यानं वाचलं की कुठं श्वास घ्यावा लागतो ते कळतं आणि ओळ तिथंच तोडायची असते. 'श्री सिद्धेश्वर महाराज यात्रेनिमित्त सर्व भाविकांचे हार्दिक स्वागत' हे डब्यात बसत नाही म्हणून 'सर्व भाविकांचे हार्दिक' एका ओळीत आणि 'स्वागत' एकटं खाली असं तोडलेलं बोर्ड आपण रोज बघतो. वाचताना जीभ अडखळते तिथं डोळाही अडखळतो.

मग मॅटरचे भाग पाडायचे. लग्नपत्रिका घ्या. कुलदैवत, चि., चि. सौ. कां., आई-वडील, आजोबा, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' सगळं त्यात असतं आणि प्रत्येक ओळीमागं घरातला एक माणूस उभा असतो, त्यामुळं कुणालाच लहान करता येत नाही. पण पत्रिका फ्रिजवर लावल्यावर लोक तीनच गोष्टी शोधतात, तारीख, वेळ, कार्यालय. ही तीन एका ठिकाणी, एका वजनात ठेवा आणि बाकीच्यांना मान द्यायचा तो जागेनं द्या, म्हणजे आजोबांचं नाव लहान असेना पण त्याच्या आजूबाजूला मोकळं सोडा. घरच्यांना हे समजावून सांगितलं की पटतं, माझा अनुभव आहे.

आता फॉन्ट. फॉन्टच्या यादीत नाव बघून किंवा 'मराठी' हा एकच शब्द टाकून फॉन्ट निवडू नका, कारण त्या शब्दात अवघड काहीच नाही. मी सोलापूरचेच शब्द टाकून तपासतो, इतके चांगले शब्द दुसरीकडं शोधून मिळणार नाहीत:

सिद्धेश्वर, हर्र, मार्कंडेय, पद्मशाली, हुतात्मा, अक्कलकोट, मंगळवेढा, वऱ्हाडी, शेंगा

यातलं एकेक बघा. 'सिद्धेश्वर' मध्ये द्ध नीट जुळला का, का द ला हलंत देऊन ध शेजारी ठेवलाय, आणि श्व कसा दिसतोय. 'हर्र' मध्ये र च्याच डोक्यावर रफार आहे, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हा शब्द हजारदा कानावर पडतो आणि बॅनरवर हजारदा चुकतो. 'मार्कंडेय' सगळ्यात कडक परीक्षा, क वर रफार आणि अनुस्वार एकत्र, स्वस्तातल्या फॉन्टात हे दोघं एकमेकांवर बसतात आणि नुसता एक ठिपका उरतो. 'पद्मशाली' मध्ये द्म. 'हुतात्मा' सोपा वाटतो पण त्म मधला अर्धा त जाड फॉन्टात बुजतो. 'मंगळवेढा' मध्ये ळ आणि ढ एकाच शब्दात, दोन्ही पोटवाले, त्यांची पोटं एका उंचीला आहेत का बघा. 'वऱ्हाडी' मध्ये र चा तो चंद्रकोरीसारखा आडवा तुकडा पाहिजे, रफार नाही, हे मराठीत लागतं, हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या फॉन्टात हमखास मार खातं. आणि 'शेंगा' मधला श, 'सोलापूर' मधला ल, मराठी वळणाचे आहेत का हिंदी, हेही. मराठी वर्णमालेत ल आणि श चं वळण कुठलं ते शासनानं २००९ च्या निर्णयात ठरवून दिलंय, आणि काही फॉन्टात मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की ते वळण आपोआप येतं. बरेच जण ही सेटिंग कधी उघडतच नाहीत.

फुकटात मिळणारे चांगले फॉन्ट आता भरपूर आहेत. बारीक मजकुराला मुक्त, नोटो सान्स देवनागरी, हिंद, पुस्तकी वळण हवं तर टीरो देवनागरी मराठी, पाटीला जुना रंगवलेला बाज हवा तर यात्रा वन. मंगल बॅनरवर लावू नका, तो र. कृ. जोशींनी विंडोजच्या स्क्रीनवर बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून केलेला फॉन्ट आहे, त्याचं ते काम तो उत्तम करतो, दहा फुटी फ्लेक्स हे त्याचं काम नव्हे.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीनं ठेवू नका. इंग्रजी १.२ पटीत चालून जातं, आपल्याला वर वेलांटी-रफार, खाली उकार, म्हणून मी १.५ पासून सुरू करतो. आणि अक्षरांमधलं अंतर ताणायचं नाही, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे दात दिसायला लागतात. ओळ भरायचीच असेल तर साइज वाढवा.

चार लिपी एका बोर्डावर

हा प्रश्न पुण्यातल्या डिझायनरला रोज पडत नसेल, आपल्याला पडतो. घरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसं एकाच बाजारात येतात. आधी कायद्याचं: महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत पाहिजेच आणि बाकी भाषांची अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या दुकानांनाही ते लागू आहे.

आता दिसण्याचं. चौघांना एकच पॉइंट साइज दिली तर चौघे सारखे दिसत नाहीत. कन्नड-तेलुगू गोल, शिरोरेषा नाही, आणि त्यांची जोडाक्षरं खाली लोंबतात, म्हणून त्यांना खाली जागा लागते जशी आपल्याला वर लागते. उर्दूच्या नस्तालीक वळणात शब्द उजवीकडून डावीकडं तिरका उतरत येतो, त्याला उंची भरपूर द्यावी लागते. तेव्हा साइजचा आकडा बघून जुळवू नका, बोर्ड छोटा करून डोळे किंचित मिटून बघा, चौघांचं वजन सारखं वाटेपर्यंत हलवा. एकाच घराण्यातले फॉन्ट घेतले तर निम्मं काम कमी होतं, एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा बालू हा फॉन्ट देवनागरीत आहे, कन्नडात बालू तम्मा, तेलुगूत बालू तम्मुडू आणि उर्दूसाठी बालू भाईजान, जणू आपल्या पेठांसाठीच बनवलाय. भाईजान नस्तालीक नाही हे मात्र ध्यानात ठेवा, नस्तालीकच पाहिजे असेल तर नोटो नस्तालीक उर्दू घ्या.

आणि जी लिपी वाचता येत नाही तिला हात लावायचा नाही. तेलुगूचं प्रूफ तेलुगू वाचणाऱ्या माणसाकडून, उर्दूचं उर्दू वाचणाऱ्याकडून तपासून घ्यायचं, दर वेळी, दोन शब्द असले तरी. इथं चूक झाली तर ती नुसती छपाईची चूक राहत नाही, समोरच्याच्या भाषेची किंमत केली नाही असा अर्थ निघतो.

मग जागेवर जाऊन उभं राहायचं

फ्लेक्स जिथं लागणार आहे तिथं एकदा जाऊन या. बाइकवर दहा मिनिटं लागतात. सोबत टेप आणि फोन. उन्हाच्या वेळी जा, कारण सकाळी सावलीत असलेली भिंत दुपारी तीनला पूर्ण उन्हात असते.

अंतराचं गणित सोपं आहे, दहा फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षराची उंची एक इंच. अक्षर म्हणजे शिरोरेषेपासून खालपर्यंत, वेलांटी-उकार सोडून. आता सात रस्त्याला बाइकवाला ताशी ३० च्या वेगानं येतोय असं धरा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या थोडं वर. बोर्ड दिसल्यापासून जवळ येईपर्यंत त्याच्याकडं चार सेकंद, म्हणजे साधारण ३३ मीटर, ११० फूट. म्हणजे मुख्य ओळीचं अक्षर दहा-अकरा इंच पाहिजे. वेलांट्या-उकार धरून ती ओळ वीस इंच खाते. तुमचा बॅनर सहा फूट उंच, म्हणजे ७२ इंच. कडेचं सोडलं तर तीन ओळी. संपलं.

हे गणित मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडतो. 'ओ दादा, सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो घ्या की ओ' असं म्हणणाऱ्या माणसाला नुसतं 'बरं दिसत नाही' म्हणून सांगितलं तर तो दुसऱ्याकडं जातो, पण हे इंच दाखवले की तोच विचारतो, मग दोन बॅनर करू का, एक रस्त्याला आणि एक मंडपात. मंडपात लोक पाच फुटांवर उभे राहून बघतात, तिथं बावीस फोटो खुशाल घ्या.

जागेवर आणखी बघायचं ते बोर्डामागं काय आहे. नव्या पेठेत दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या, तिथं लाल-पिवळं टाकलं तर ते शेजारच्या लाल-पिवळ्यात विरघळतं, तिथं मी पांढरा किंवा गडद निळा मोकळा पट्टा ठेवतो. उलट अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडं कारखान्याची राखाडी भिंत असेल तर एक भगवी पट्टीसुद्धा लांबून ओढून घेते. वायरी, झाडाची फांदी, विजेचा डीपी कुठं येतोय त्याचा फोटो काढा आणि डिझाइन त्या फोटोवर ठेवून बघा. नेमका नावावर खांब आलेला असा एक बोर्ड मी स्वतः केलेला आहे, तेव्हापासून फोटो काढल्याशिवाय सुरू करत नाही.

आपल्याकडचं ऊन वेगळं सांगायला नको, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो. फ्लेक्सच्या शाईतला पिवळा आणि गुलाबी आधी उडतो, निळा आणि काळा टिकतो, म्हणून जुने बॅनर निळसर पडलेले दिसतात. दोन दिवसांच्या शुभेच्छांना काही फरक पडत नाही, पण दुकानाची कायमची पाटी असेल तर मुख्य नाव लाल-केशरी बारीक अक्षरात ठेवू नका. नाव काळ्यात किंवा गडद निळ्यात, लाल रंग पट्ट्याला वापरा, उडाला तरी नाव राहतं. पैसे असतील तर एसीपीवर (ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर) कापीव अक्षरं सुचवा.

मशीन काय करू शकतं ते आधी विचारायचं

फ्लेक्स, ऑफसेट, स्क्रीन, डिजिटल, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच निभावतं: मोठा फ्लेक्स प्रत्यक्ष मापात ७२ डीपीआयला (इंचात ७२ ठिपके) चालतो, त्याला ३०० ला करून कॉम्प्युटर गोठवू नका. हातात धरून वाचायचं ते सगळं ३००. ऑफसेटला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, चार रंग मिसळून केलेला काळा नको, प्लेट केसाएवढी सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. स्क्रीन प्रिंटिंगला बारीक रेषा भरून जातात, म्हणून पत्रिकेवर सोनेरी शाईत हलक्या वजनाचा फॉन्ट घेऊ नका, 'क्ष' चं पोट बुजतं.

शेंगाचटणीचं पाकीट करणाऱ्यांसाठी एक खास. पारदर्शक पाउच असेल तर आतली चटणी हेच तुमचं बॅकग्राउंड असतं, तांबूस, तेलकट, आणि पांढऱ्या शाईचा थर खाली दिला नाही तर वरचे सगळे रंग त्यात मळून जातात. स्क्रीनवर पांढऱ्या आर्टबोर्डवर छान दिसलेलं डिझाइन पाकिटात चिखल होतं. म्हणून मी चटणीचाच फोटो काढून आर्टबोर्डवर खाली पसरतो आणि त्यावर काम करतो. हिरवा चौकोन-ठिपका, १४ आकडी एफएसएसएआय नंबर, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तारीख टाकायची मोकळी जागा, हे आधी बसवा आणि उरलेल्या जागेत डिझाइन करा. उलटं केलं तर शेवटी हे सगळं मागच्या जोडावर जातं आणि सीलिंगमध्ये दाबलं जातं.

सॉफ्टवेअरचं बोलायचं तर कुठलंही चालेल पण देवनागरी नीट जोडणारं पाहिजे. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स' ला टिक करा आणि पॅराग्राफमध्ये 'वर्ल्ड-रेडी' वाला कंपोजर घ्या, जुन्या फोटोशॉपमध्येही टाइपमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' (त्याहून जुन्यात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन') निवडा. हे न केल्यामुळं 'प्रिंटिंग' ची वेलांटी भलतीकडं जाते आणि लोक फॉन्टला शिव्या देतात. पैसे नसतील तर इंकस्केप फुकट आहे आणि युनिकोड मराठी व्यवस्थित दाखवतं.

खरी अडचण जुन्या-नव्याच्या मध्ये आहे. गिऱ्हाईक युनिकोडमध्ये पाठवतं, प्रेसवाल्याकडं जुनं कोरल आणि श्रीलिपी किंवा तसले जुने फॉन्ट, मध्ये कन्व्हर्टर. कन्व्हर्टर नव्वद टक्के बरोबर आणतो म्हणूनच जास्त धोक्याचा, कारण चुका उरलेल्या दहात लपतात आणि त्या नेमक्या तिथंच असतात, ऱ्य-ऱ्ह, रफारासोबतचा अनुस्वार, ॲ. कन्व्हर्ट केलेलं मॅटर म्हणजे नवं मॅटर, ते पहिल्यापासून वाचायचं.

फॉन्टच्या अशाच गोंधळात एका पत्रिकेत मी स्वतः फसलो. ४०० प्रती होत्या, फाइल कर्व्ह न करता, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार न बनवता, प्रेसला पाठवली, तिकडच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, त्यांनी जवळचा दुसरा लावला आणि 'वऱ्हाडी मंडळी' चं 'वर्हाडी' झालं. मुलीच्या आजोबांनी पत्रिका हातात घेतली, अंगठा त्या शब्दावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. निवृत्त मराठीचे शिक्षक होते. मी सगळ्या पत्रिका परत छापून दिल्या, पण तो अंगठा अजून डोळ्यासमोर येतो.

तुम्ही बसता ती खोली

याकडं कुणी बघत नाही. माझ्या पहिल्या ऑफिसची भिंत पोपटी होती आणि माझ्या सगळ्या कामांचे रंग बिघडायचे, दिवसभर हिरवं बघून डोळा त्याची भरपाई करत होता. समोरची भिंत पांढरी किंवा फिकी राखाडी करून घ्या, मॉनिटरवर खिडकीचा उजेड थेट येऊ देऊ नका, ब्राइटनेस इतका ठेवा की शेजारी धरलेला पांढरा कागद आणि स्क्रीनचा पांढरा साधारण सारखे वाटतील. प्रूफ ट्यूबलाइटखाली मंजूर करू नका, दारात येऊन उजेडात बघा, कारण एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्यात वेगळे पडतात. साड्या घेताना आपल्याकडच्या बायका दुकानाच्या पायरीवर येऊन रंग बघतात, ते अगदी बरोबर करतात.

पाठवताना

दोन फाइली ठेवायच्या, एक एडिट होणारी, एक कर्व्ह केलेली, आणि नावात तारीख. प्रेसला फक्त कर्व्ह केलेली पीडीएफ, व्हॉट्सॲपवर पाठवायची तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) आहेत का बघा, स्क्रीनवरचा तो चमकणारा पोपटी आणि निऑन गुलाबी छापून येत नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. प्रूफ कागदावर काढा, खऱ्या मापात, बॅनर असेल तर निदान मुख्य ओळीचं एक अक्षर ए-फोर कागद जोडून खऱ्या मापात काढून भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडं जाऊन वाचा. मंजुरी गिऱ्हाइकाच्या हातानं लिहून घ्या, 'ओके' नुसतं नको, नावं आणि तारीख त्यानं स्वतः वाचून लिहिलेली पाहिजेत.

आणि बोर्ड लागल्यावर महिन्याभरानं परत तिकडून जा, त्याच दुपारच्या वेळेला, त्याच जागेवर उभं राहून फोटो काढा. कुठला रंग किती उतरला, आयलेटपाशी (दोरी ओवायच्या कडीपाशी) ताण येऊन कुठं सुरकुती पडली, कुठल्या ओळीपर्यंत नजर गेली, ते फोटोखाली लिहून ठेवा. माझ्याकडं असे फोटो गेल्या सहा उन्हाळ्यांचे आहेत, आणि पुढचं काम घेताना मी सॉफ्टवेअरच्या आधी तो फोल्डर उघडतो.